तीन जणांची झोप आणि मागच्या दाराची कडी

धाकटीस थोरलीचे मनभरून आशीर्वाद, आणि भाऊजींनाही सांगणे.

तुझं पार्सल मंगळवारी दुपारी सव्वातीनला पोचलं. आत निघालं ते असं: सासूबाईंसाठी लोकरीचे पायमोजे, जोड एक, अंगाच्या साबणाच्या वड्या तीन (एक कोपऱ्यात चेपलेली, पण वासाला चांगली), माझी निळी पिशवी, जी जाताना चुकून तुझ्या सामानात गेली होती, धुऊन इस्त्री केलेली, आणि पिशवीच्या तळाशी, रुमालात तीन गाठी मारून बांधलेली, वरून चाचपूनच ओळखू आलेली आपल्या मागच्या दाराची किल्ली. टपालखर्च तिकिटांवरून अठ्ठेचाळीस. मोजे तू विणलेले, म्हणून लोकरीचे साठ धरले. साबण तुमच्याकडे काय भावानं मिळतो ते ठाऊक नाही, इकडच्या भावानं लावला. पिशवी आपलीच, तिची किंमत नाही. किल्लीपुढची जागा मात्र वहीत अजून कोरी आहे. पत्र नव्हतं. मी पार्सल दोनदा झटकून पाहिलं, मोज्यांत हात घालून पाहिला, बांधणीच्या कागदाच्या घड्याही उलगडून पाहिल्या (तो कागद कपाटाच्या फळीवर घातला, वाया गेला नाही). तर तुझं नाही म्हणून माझं पत्र.

तुझी पाठ कशी आहे? तिकडचं पाणी जड आहे असं ऐकलं, ते सोसतं का? भाऊजी वेळेवर जेवतात, की अजून फायलीत डोकं घालून ताट गार करतात? आमच्याकडे देवाच्या कृपेनं सगळे खुशाल आहेत, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण मी रद्दीच्या हिशोबातही खोटा आकडा लिहीत नाही, तर देवाचं नाव घेऊन पत्रात कसा लिहू? खुशाल कोणी नाही. म्हणजे दुखतखुपत कोणाचं काही नाही, भूक सगळ्यांना आहे, पण तुम्ही गेल्यापासून या घरात कोणी धड झोपलेलं नाही. मी सगळं सविस्तर लिहिणार आहे. फक्त मागच्या दाराच्या कडीचा विषय काढायचा नाही असं मी सकाळी देवापुढे बसून ठरवलं आहे. ज्यावरून तू रुसून गेलीस (भाऊजींनी सहा वर्षं टाळलेली बदली नेमकी दुसऱ्या दिवशी घेतली, तिलाही मी चारचौघांत बदलीच म्हणते), ते उकरून कोणाचं भलं होणार? त्या रात्री मी एवढंच म्हणाले होते की रोज झोपायच्या वेळी तू घरभर फेरी मारतेस, गॅसची कळ, नळ, पुढचं दार, मागचं दार, इथवर ठीक. पण कडी वाजवून वर 'झालं गं सगळं, झोपा आता' अशी दवंडी कशाला? अख्ख्या घराची झोप मोडते. एवढंच. दवंडी हा शब्द जरा जास्त झाला असेल. पण विषय काढायचा नाही म्हणजे नाही.

तर झोपेचं. पहिल्यांदा गेली सासूबाईंची. पडल्या की घड्याळाचे ठोके मोजत पडायच्या. झोप यायलाच तयार नाही. मग ह्यांची, म्हणजे तुझ्या मोठ्या दिरांची. ह्यांना झोप लागते, उशीला डोकं टेकायच्या आधी लागते, हे तू बारा वर्षं पाहिलं आहेस. पण दीडच्या सुमाराला टक्क जागे आणि तीनला पुन्हा, ते उजाडेपर्यंत छताकडे बघत. तिसरी लेक. तिला बेकरीत नोकरी लागली ते तुला कळलंच असेल. एक आठवडा रात्री दोनपासून भट्टीवर, दुसरा आठवडा दिवसाचा. तिला झोप येते भरपूर, पण पीठ मळताना येते, अंथरुणात येत नाही. म्हणजे बघ, एकीला येत नाही, एकाची टिकत नाही आणि एकीची वेळ चुकते. एका छपराखाली तीन तऱ्हा. मी तिघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले, आपल्या जुन्या डॉक्टरांच्या सूनबाई, त्यांच्याकडे. (तिघांना एकदम नेलं की फी एकदाच लागेल असं मला वाटलं होतं. तीनदा लागली.) त्यांनी तिघांना तीन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या, चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत त्यांतल्या, आणि सांगितलं की चौदा दिवस झोपेची वही ठेवा. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपलं लिहायचं: किती वाजता पडलो, किती वाजता झोप लागली, किती वेळा उठलो.

आता तूच सांग, मॅट्रिकला गणितात एक्क्याऐंशी मिळवलेल्या बाईला हे पटावं कसं? झोप किती वाजता लागली ते झोपलेला माणूस लिहिणार कसा? ज्याला वेळ ठाऊक आहे तो झोपलेला नाही, आणि जो झोपला त्याला वेळ ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंदाज चालेल. त्यांचं चालत असेल. मी घरी आल्याबरोबर किराण्याच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली, तीन खाती उघडली आणि ठरवलं की साक्षीदाराशिवाय नोंद करायची नाही. साक्षीदार अर्थात मी. बोळात, जिथून सगळ्या खोल्यांची दारं दिसतात, तिथे तुझं भाजी निवडायचं बुटकं स्टूल मांडलं, घड्याळ खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेतलं, टॉर्चला फडकं गुंडाळलं, आणि चौदा रात्री नोंद केली. लेकीची रातपाळी होती तेव्हा तिच्या झोपेसाठी दिवसाही. तुला वाटेल की आता मी गोळ्यांची अदलाबदल झाल्याची गोष्ट सांगणार. नाही झाली. माझ्या घरात साखरेच्या डब्यात कधी मीठ गेलंय का? तीन डब्या, तीन रंगांचे दोरे, तीन फळ्या. गोंधळ झाला तो गोळ्यांचा नाही, माणसांचा.

सासूबाईंची गोळी पांढरी, मसुरीएवढी. तिचं काम एकच, झोप दारापर्यंत आणून सोडायची. पुढे ती थांबते की जाते ही तिची जबाबदारी नाही. वय बघून अर्धीच दिली होती, तीही दोनच आठवडे, आणि दहादा बजावलं होतं की अंथरुणात पडायची तयारी झाल्यावरच घ्यायची, घेतल्यावर काही करत बसायचं नाही, रात्री उठल्या तर हात धरायला कोणी हवं, नाहीतर तोल जातो. (उरलेल्या अर्ध्यांत आणखी दोन आठवडे निघतील म्हणून मला बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंना ते बरं वाटलं नाही, त्यांनी चिठ्ठीवर तारीख घातली.) सासूबाईंनी पहिल्या रात्री गोळी घेतली आणि जपाला बसल्या. त्यांचा हिशोब असा, की गोळीला अर्धा तास लागतो, तेवढ्यात माळ पुरी होते. माळ निम्मी झाली आणि मान पुढे गेली. मी आडवं केलं, पांघरूण घातलं आणि नोंद केली: दहा एक्कावन्न, झोप लागली, दहा चोपन्न, घोरणं सुरू. सकाळी उठल्या त्या रागावूनच. एक तर अपुरी माळ ठेवायचं पाप या गोळीनं त्यांच्याकडून करवलं, आणि वर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी वही पुढे केली. वहीकडे बघून म्हणाल्या, घोरत नव्हते, विचार करत होते. आता देवाधर्माच्या बाईला खोटं कोण म्हणणार? मी त्यांच्या खात्यात दोन रकाने पाडले, एक 'वहीप्रमाणे' आणि एक 'सासूबाईंप्रमाणे'. चौदा रात्रींची बेरीज वहीप्रमाणे बहात्तर तास आली आणि सासूबाईंप्रमाणे सात.

ह्यांची गोळी पिवळी, लांबट. ही झोप आणायला जात नाही, आलेली धरून ठेवते. म्हणून ती झोपतानाच घ्यायची, आणि पुढे सात-आठ तास अंथरुणात काढायचे असतील तरच. ह्यांनी त्यात काटकसर केली (माझ्याबरोबर सत्तावीस वर्षं काढल्याचा परिणाम, दुसरं काय). म्हणाले, जाग आली तरच घेऊ, नाही आली तर गोळी वाचली. जाग आली दीडला, गोळी घेतली दोनला, आणि सहाला मी उठवलं तेव्हा गोळीची निम्मी पाळी व्हायची होती. दात घासले, डबा घेतला, वखारीत गेले, सगळं कोणीतरी दुसराच करतो आहे असं. तिथे काट्यावर पोती चढवून झाली, पावती फाडायची तेवढी राहिली, म्हणून हे काट्याच्या चौथऱ्यावरच क्षणभर टेकले आणि पोत्यांना पाठ लावून झोपले. पुढून बघणाऱ्याला नुसती पोती दिसत होती. मालकांनी स्वतः काटा वाचला, स्वतः पावती फाडली, गिऱ्हाईक पैसे भरायला गेलं. मागाहून हे जागे झाले आणि बाजूला झाले, त्यांना काहीच ठाऊक नाही. गिऱ्हाइकानं घरी माल मोजला तर अडुसष्ट किलो कमी. वखारीत दोन दिवस नुसता धुरळा, की अडुसष्ट किलो माल गेला कुठे. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, कारण डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ह्यांचं वजन तेवढंच होतं. आपण होऊन मालकांपुढे जाऊन उभे राहिले. मालक भला माणूस. म्हणाला, चुकून तुम्हालाच विकलं होतं की मी, बरं झालं गिऱ्हाइकानं नेलं नाही. त्यानंतर गोळी वेळेवर, मी समोर उभी राहून. पण जाग यायची ती येतच राहिली. फरक एवढाच, की आता गोळीची झापड डोळ्यांवर घेऊन जागे.

लेकीच्या गोळीचा दर सगळ्यात जास्त आणि काम सगळ्यात कमी, असं माझं आधीचं मत. ती झोपवतच नाही मुळी. ती म्हणे शरीराला फक्त कळवते, की रात्र झाली आहे. म्हणजे नोटीस. झोपायचं की नाही ते शरीरानं ठरवायचं. नुसत्या नोटिशीला एवढे पैसे? पण ती ठरल्या वेळी घ्यायची आणि नंतर खोलीत अंधार हवा, असं होतं. आणि मी काम हाती घेतलं की अर्धवट सोडत नाही. जुनी दोन काळी ब्लँकेटं जोडून खिडकीला शिवली, दाराखालच्या फटीला पोतं लावलं. अंधार असा झाला की लेक आत जाताना मला हाक मारून जायची आणि भिंत चाचपत यायची. एका संध्याकाळी ती उठली, घड्याळात सहा बघितले, झोपेच्या तंद्रीत तिला वाटलं पाळी दिवसाची आहे आणि सकाळ उलटून चालली आहे, आणि वेणी न घालता जी धावत सुटली ती थेट बेकरी. ऊन कुठल्या बाजूचं आहे हे कोण बघतं? शटर निम्मं खाली आलं होतं, ते बंद होत होतं; हिला वाटलं उघडतंय. खालून वाकून आत शिरली आणि मालकिणीला म्हणाली, सॉरी, आज पाच मिनिटं उशीर झाला. मालकीणबाईंनी तिला एक पाव दिला आणि सांगितलं, आठ तास लवकर आलीस, खा आणि घरी जा. तरी खरं ते लिहिते: दुसऱ्या आठवड्यापासून नोटीस तिला मानवली. वहीप्रमाणेही आणि तिच्या म्हणण्याप्रमाणेही.

चौदा दिवस झाल्यावर मी तिन्ही खाती बंद करून तुलना काढली. रकाने पाच: रंग, दर, किती मिनिटांत गुण, दुसऱ्या दिवशीचा तोटा, घरच्यांना झालेला ताप. माझा विचार सरळ होता. एका घरात तीन-तीन प्रकारची झोप विकत घेण्यापेक्षा तिन्हींतली सरस कोणती ते ठरवावं आणि तीच सगळ्यांना मोठ्या पाकिटात आणावी, काहीतरी सूट मिळेल. हे मी आधी औषधवाल्याला विचारलं. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ताई, हे साबण नाहीत. म्हणून वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. बाहेर बाकावर आपल्या गल्लीतल्या शिंपीणबाई बसल्या होत्या. त्यांची चौथीच तऱ्हा: पडलं की पाय स्वस्थ राहत नाहीत, हलवावेच लागतात. दिवसभर मशीन, रात्रीही मशीन, रात्रीचं कापड तेवढं निघत नाही, असं त्याच सांगत होत्या. त्यांना तर झोपेची गोळी दिलीच नव्हती. आधी रक्त तपासलं, त्यात लोह कमी निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या. मी तोही दर उतरवून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी वही वाचायला घेतली आणि वाचतच राहिल्या. बाहेरची माणसं मुद्दाम खोकू लागली. माझी तुलना शेवटच्या पानावर होती, तिथवर त्या काही पोचेचनात. मध्येच त्यांनी विचारलं, हे अक्षर कोणाचं? म्हटलं, माझं. आणि हे तीन वाजून दहा मिनिटांचं? तेही माझंच, दुसऱ्या कोणाचं असणार? पान उलटलं. आणि हे पहाटे साडेचारचं? मी म्हटलं, बाई, अक्षर लागत नाही का तुम्हाला? त्या म्हणाल्या, अक्षर छान आहे, पण मग तुम्ही झोपता कधी?

मी वही त्यांच्या हातून घेऊन मागून पुढे चाळली. धाकटी, तुला म्हणून सांगते, माझं खातं उघडायचं राहूनच गेलं होतं.

मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली. मी सगळ्या नोंदी करते हे तुला ठाऊक आहे, त्यात माझ्या उठण्याच्याही शेऱ्याच्या रकान्यात होत्याच: 'मी कडी बघून आले'. त्या त्यांनी एकेक करून अधोरेखित केल्या आणि त्यांच्या खालची ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. बारा वीस, मी कडी बघून आले. बारा चोवीस, सासूबाई जाग्या. एक अठ्ठावीस, मी कडी बघून आले. एक एकतीस, हे जागे. दोन पंचावन्न, कडी. तीनला हे पुन्हा जागे. चौदा रात्रींत मी सत्तावन्न वेळा कडी बघायला उठले, आणि त्यांतल्या एकोणपन्नास वेळा पाच मिनिटांच्या आत घरातलं कोणीतरी जागं झालं. (हा आकडा डॉक्टरीणबाईंचा. मी घरी येऊन पुन्हा मोजला, पन्नास आला.) त्या म्हणाल्या, तुमच्या यजमानांची झोप मोडत नाही, तुम्ही मोडता. म्हणजे ती पिवळी गोळी दर रात्री माझ्याशी झुंजत होती आणि हरत होती. जे मी तुला त्या रात्री बोलले, की कडीच्या आवाजानं अख्ख्या घराची झोप मोडते, ते चौदा पानांवर माझ्याच अक्षरात माझ्याबद्दल लिहिलेलं निघालं. विषय काढणार नव्हते. पण हिशोबात निघालेलं दडवता येत नाही.

त्यांनी विचारलं, कडी बघायला उठता ते कधीपासून? म्हटलं, नऊ तारखेपासून. नऊला काय झालं? म्हटलं, धाकटी गेली. मग मी त्यांना तुझ्या फेरीचं सांगितलं, दवंडीचंही सांगितलं (दवंडी हा शब्द वगळून). त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं, आता या तिन्हींतली मला कोणती, सासूबाईंच्या अर्ध्या उरल्या आहेत, त्या चालतील का? तेव्हा मात्र त्या रागावल्या. एकाच्या नावची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही, उरलेल्या अर्ध्या औषधवाल्याकडे परत जातील, आणि ही तुलनाच मुळात करायची नसते, ज्याला येत नाही त्याचं वेगळं, ज्याची टिकत नाही त्याचं वेगळं, वेळ चुकते त्याचं वेगळं. सासूबाईंची गोळी बंद, ह्यांची हळूहळू कमी, लेकीची चालू. आणि माझ्यासाठी वेगळा कागद घेऊन त्यावर लिहिलं: 'कडी एकदाच. एकाच माणसाने. लावल्यावर सगळ्यांना मोठ्याने सांगावे. मग उठू नये.' खाली सही. वही आणि स्टूल बंद. औषध काहीच नाही, आणि फी तीच.

त्या रात्रीपासून आम्ही कागदाप्रमाणे करून बघितलं. पहिल्या दिवशी हे. ह्यांनी अंथरुणातूनच 'झालं सगळं' म्हणून सांगितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, केलंस की नुसतं म्हणालास? ह्यांना उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी लेक. ती 'झालं' म्हणाली आणि गॅसवर दूध होतं. तिसऱ्या दिवसापासून मी. मी सगळं करते, मोठ्यानं सांगतेही, पण सांगून पडले की मलाच माझा भरवसा वाटत नाही. पुन्हा उठते. आणि ती कडी माझ्या हातानं आवाज केल्याशिवाय बसत नाही. दार फुगलं आहे. लेक म्हणते, काकू गुडघ्यानं दार रेटून कडी वर उचलून घालायची, एकदाच 'टक' व्हायचं. मी गुडघ्यानं रेटून बघितलं. गुडघा सुजला, कडी बसली नाही. काल सासूबाई माळ हातात धरून म्हणाल्या, तिचं 'झालं गं' ऐकू आलं की माझा शेवटचा मणी यायचा. एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. वहीप्रमाणे बारापर्यंत जाग्या होत्या (वही बंद आहे, ही तोंडी नोंद).

आणि माझं खातं आता उघडलंच आहे, तर तेही पुरं लिहिते. बारा वर्षांत तुझी दवंडी मी कधी पुरती ऐकलीच नव्हती. 'झालं गं सगळं' एवढं कानावर यायचं. 'झोपा आता' माझ्यापर्यंत कधी पोचलं नाही, त्याआधी मी झोपलेली असायची. त्या एका रात्री दाढ ठणकत होती म्हणून जागी होते, म्हणून पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, आणि दाढेचा राग तुझ्यावर काढला. दाढ दुसऱ्या आठवड्यात काढून टाकली. बोललेलं कुठे काढून टाकता येतं? वहीत चुकीचा आकडा पडला तर मी खोडत नाही, खाली लाल शाईनं दुरुस्ती लिहून सही करते. तशी ही दुरुस्ती समज. शाई निळीच आहे, लाल संपली आहे.

तर काम एवढंच, की तुझ्या फेरीचा क्रम नीट लिहून पाठव. आधी गॅस की आधी नळ, पुढचं दार कितवं, गुडघा दाराच्या कुठल्या फळीला लावायचा, आणि 'झालं गं' कुठे उभी राहून म्हणायचीस. सगळं एका पोस्टकार्डावर बसेल, पाकिटाचा खर्च करू नकोस. भाऊजींना सांग, फायली मिटून जेवायला बसत जा. देव तुम्हा दोघांना सुखात ठेवो.

तुझी,
थोरली

ता. क. मोजे सासूबाईंना दोन बोटं मोठे झाले आहेत. तरी मंगळवारपासून पायातून काढलेले नाहीत. काढा म्हटलं तर म्हणतात, पाय गार पडतात. या दिवसांत आम्ही पंखा लावून झोपतो.

ता. क. वरचं वाचून ह्यांनी लिहायला सांगितलं आहे, की बदली सहा वर्षं टाळता आली तर आता परतही मागता येत असेल, भाऊजींनी साहेबांना विचारून बघावं. तोवर आठ दिवसांसाठी का होईना, असं हे म्हणतात. मी काही म्हणत नाही.

ता. क. फेरीचा क्रम लिहून पाठवू नकोस. लिहून आला तरी त्यानं मला खात्री वाटायची नाही.

ता. क. किल्ली रुमालासकट याच पाकिटात परत पाठवते आहे. तिसरी गाठ माझ्यानं सुटली नाही, ती तुझीच आहे. पाकीट जड झालं, बाराचं जादा तिकीट लागलं. ते मी औषधाच्या खात्याला टाकलं. पण आतून कडी असेल तर नुसत्या किल्लीनं दार उघडत नाही. तेव्हा कोणत्या तारखेच्या कोणत्या गाडीनं येतेस ते उलट टपाली कळव. त्या रात्री मी कडी लावणार नाही.